बैठकीची खोली कोणाची?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, आणि पुढे महाराष्ट्रात गावोगाव अशा माला सुरू झाल्या. आपली मालाही त्याच कुळातली. या व्यासपीठावरून आपण राजकारण ऐकले आहे, अर्थकारण ऐकले आहे, संतवाङ्मय तर वर्षानुवर्षे ऐकले आहे. त्या पंक्तीत खुर्ची, सोफा आणि दिवा यांना पाट मांडावा की नाही, असा संशय चिटणीसांना आला नाही, हा त्यांचा मोठेपणा होय. एका वृद्ध सभासदांना मात्र तो आला. मघाशी पायऱ्या चढताना त्यांनी मला गाठले आणि विचारले, “बाई, फर्निचर हा काय व्याख्यानाचा विषय झाला? ते दुकानात जाऊन घ्यायचे.” मी त्यांना म्हटले, “आजोबा, आपण घरी कशावर बसता?” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मी होय? मी आपला पलंगाच्या कडेवर बसतो.” आज मला जे सांगायचे आहे त्यातले निम्मे त्या गृहस्थांनी एका वाक्यात सांगून टाकले.

मी बरीच वर्षे गृहविज्ञान शिकवले. हातात टेप घेऊन शेकडो घरांत हिंडले. त्या हिंडण्यातून माझे एक मत बनले आहे, ते असे की, आपल्या मध्यमवर्गीय घरांत बैठकीची खोली ही येणाऱ्यासाठी मांडलेली असते, राहणाऱ्यासाठी नव्हे. नवे घर घेतले की पहिला मोठा खर्च तिच्यावर होतो, आणि तो करताना डोळ्यांसमोर असतो पाहुणा. पाहुणा आठवड्यातून एकदा येतो, तासभर बसतो, चहा घेऊन जातो. घरातली आजी त्याच खोलीत दिवसाचे दहा-बारा तास काढते. आणि पुष्कळदा असे दिसते की, त्या खोलीत जिला नीट बसता येत नाही आणि जिला नीट दिसत नाही, अशी व्यक्ती कोणी असेल तर ती नेमकी आजीच असते.

हे असे का झाले, याचा थोडा विचार करू. या खोलीला आपण आज ‘हॉल’ म्हणतो. तीनशे-चारशे चौरस फुटांच्या घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीलाही हॉलच म्हणतो. इंग्रजाने हे ऐकले तर तो चकित होईल. पण मराठीला या खोलीसाठी एक शब्द सापडला नाही याला कारण आहे. जुन्या घरात अशी एक खोलीच नव्हती. परका माणूस ओसरीवर किंवा पडवीत बसे. ओळखीचा झाला की ओटीवरच्या झोपाळ्यापर्यंत येई. बायकांचे बसणे, मुलांचे शिकणे, बाळंतिणीचे दुखणे-खुपणे, सारे माजघरात. वाड्यांना दिवाणखाना असे. पुण्याचा विश्रामबागवाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याची ऐट ठाऊक आहे. परंतु त्या दिवाणखान्यातही आज आपण ज्याला फर्निचर म्हणतो ते जवळजवळ नव्हते. जाजम, गाद्या, लोड, तक्के. काम झाले की गुंडाळून ठेवावे, खोली पुन्हा मोकळी. बसण्याची जागा म्हणजे जमीनच, आणि जमीन सर्वांना सारखी.

मग आली चाळ, आणि चाळीनंतर ब्लॉक. ओसरी, ओटी, पडवी, माजघर या चौघींचे काम एका खोलीच्या गळ्यात पडले. मुंबईच्या बी.डी.डी. चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात तीन पिढ्या राहिल्या, शिकल्या, लग्ने झाली, गणपती बसले. त्या खोलीला फर्निचरची चैन परवडण्यासारखी नव्हती. एक पलंग, पलंगाखाली ट्रंका, एक कपाट, भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या. पण तिथे कोणाची जागा कोणती, हे शेजाऱ्यालाही ठाऊक असे. २०२५ साली वरळीच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या पडल्या. शंभर वर्षांच्या दाटीनंतर मिळालेली ही जागा. मला त्या कुटुंबांचा मनापासून आनंद वाटतो, आणि थोडी काळजीही वाटते. कारण असे घर मिळाले की पहिल्या महिन्यात काय घडते ते मी अन्यत्र अनेकदा पाहिले आहे. इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचा, भिंतीपासून भिंतीपर्यंत पोचणारा एक सोफा हप्त्यांवर येतो, आणि शंभर वर्षांनी मिळालेली मोकळी जमीन एका दुपारीत नाहीशी होते.

अशाच एका नव्या घरी मला बोलावणे आले होते. गाव सांगत नाही. सोफा राखाडी मखमलीचा, छतात लपवलेले दिवे, समोर भिंत व्यापणारा दूरदर्शन संच. यजमानांनी कौतुकाने सारे दाखवले. मी विचारले, “वडील कुठे असतात?” वडील सज्जात होते, प्लास्टिकच्या पांढऱ्या खुर्चीवर, वर्तमानपत्र उन्हाकडे धरून. मुलगा ओशाळून म्हणाला, “त्यांना तिथेच आवडते.” वडिलांशी बोलले तेव्हा कळले की, आवडीचा प्रश्न नव्हता. त्या सोफ्यावर बसले की त्यांना उठता येत नसे. दोनदा सुनेने हात देऊन उठवले. तिसऱ्यांदा हात मागायचा त्यांना संकोच वाटला आणि त्यांनी खुर्ची धरली. आता गंमत पाहा. ती खुर्ची त्या घरातली सर्वांत स्वस्त वस्तू होती. आणि वृद्ध माणसाच्या शरीराला हवे ते सारे तिच्यात होते. पुरेशी उंची, बसल्यावर न दबणारी बैठक, रेटा द्यायला दोन हात, आणि पाय मागे ओढून घ्यायला खाली मोकळी जागा.

या शेवटच्या गोष्टीकडे कोणाचे लक्ष जात नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. खुर्चीवरून उठताना आपण काय करतो? आधी पाय मागे, बैठकीच्या खाली घेतो. मग अंग पुढे झुकवतो. शरीराचा भार पावलांवर आला की गुडघे सरळ करतो. हे इतके नकळत होते की तरुणपणी कळतच नाही. आता सोफा असा घ्या की जो पुढून खालपर्यंत पेटीसारखा बंद आहे. पाय मागे जाणारच नाहीत. बैठक मुळात चौदा-पंधरा इंच उंच, वर बसले की फोम आणखी दोन-तीन इंच दबणार. म्हणजे गुडघे कंबरेच्या वर गेले. बैठकीची खोली, म्हणजे पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतचे अंतर, बावीस-चोवीस इंच. बुटक्या बाईची पाठ पाठीला टेकत नाही. टेकवायची म्हटले तर पाय अधांतरी. अशा आसनातून उठण्याचा सगळा भार मांड्यांच्या स्नायूंवर येतो, आणि सत्तरीनंतर नेमके तेच दुबळे झालेले असतात.

मग योग्य माप कोणते? दुकानदार सांगेल ते ‘स्टँडर्ड’. मला हा शब्द फारसा आवडत नाही. माप प्रत्येकाच्या पायात असते. गुडघ्याच्या मागची खोबण जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजावे; ती त्या माणसाच्या बैठकीची उंची. पाच फुटांच्या बाईची ती पंधरा-सोळा इंच भरते, साडेपाच फुटांच्या पुरुषाची सतराच्या आसपास. वृद्धांना त्यापेक्षा इंचभर जास्त द्यावी, म्हणजे उठणे सोपे जाते. पाय अधांतरी वाटले तर खाली एक पाट ठेवावा. आपल्या घरांतून पाट हद्दपार झाले, त्यांना निदान या निमित्ताने परत आणता येईल. बसण्याची खोली पाच फुटांच्या बाईला सोळा-सतरा इंच पुरते. आणि हे माप बसून पाहायचे, तेही दुकानात अर्धा मिनिट टेकून नव्हे. चांगली दहा मिनिटे बसावे. विक्रेता अस्वस्थ होतो, होऊ द्यावा. ज्याच्यासाठी आसन घ्यायचे त्याला बरोबर न्यावे. लग्नाची मुलगी पाहायला साऱ्या घराने जायचे आणि आजोबांची खुर्ची आजोबांना न दाखवता आणायची, हा कुठला न्याय?

यातून एक गोष्ट ओघानेच निघते. घरात पाच माणसे असतील तर पाच उंचीचे पाय आहेत. मग एकाच मापाची पाच आसने, म्हणजे ज्याला आपण ‘सोफासेट’ म्हणतो तो, मुळातच चुकीचा पडतो. ‘सेट’ हा शब्द कारखानदाराच्या सोयीचा आहे. आपल्या सोयीचे म्हणाल तर एक हातांची, ताठ पाठीची खुर्ची वृद्धांसाठी. एक दिवाण, ज्यावर दिवसा चौघे बसतील आणि रात्री एक जण निजेल. दोन हलक्या वेताच्या किंवा लाकडी खुर्च्या, उचलून कुठेही नेता येतील अशा. आणि उरलेली जमीन मोकळी. जमीन मोकळी ठेवण्याला मी फार महत्त्व देते. आपल्या घरी गणपती येतो. चैत्रात हळदीकुंकू असते, तेव्हा तीस बायका येतात आणि त्यांना सतरंजीच लागते. मुले जमिनीवरच खेळतात. भिंतीत चिणल्यासारखा सोफा घेणाऱ्या एका घरी मी मखर चक्क सोफ्यावर मांडलेले पाहिले. बाप्पा तेवढे आरामात होते!

वस्तूला प्रश्न विचारायची सवय आपल्याला नाही, ती लावून घेतली पाहिजे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून १९५८ साली एक अहवाल लिहिला. त्यातूनच पुढे १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय अभिकल्प संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी गौरव केला तो कशाचा? आपल्या लोट्याचा! त्यांनी विचारले की, यात पाणी किती मावावे, तो कडेवर न्यायचा की डोक्यावर, धरणारा हात केवढा, रिकामा असता तोल कसा राहतो आणि भरल्यावर कसा, आतून घासायला हात जातो का. पिढ्यान्‌पिढ्या अज्ञात माणसांनी हे प्रश्न सोडवत आणले आणि लोटा तयार झाला, असे त्यांचे म्हणणे. लोटा आपला, कौतुक त्यांचे, आणि आपण तोवर लोटा माळ्यावर टाकलेला. असो. खुर्चीलाही हेच प्रश्न विचारायचे. कोण बसणार? किती वेळ? बसून काय करणार? उचलणार कोण? खालचा केर कसा निघणार?

आणि स्वस्त असणे हा दोष नव्हे, हेही जाता जाता सांगते. मुंबई-पुण्याच्या इराण्याच्या हॉटेलातली ती वाकवलेल्या लाकडाची, गोल बैठकीची खुर्ची आठवा. तिची मूळपुरुष म्हणावी अशी खुर्ची मिखाएल थोनेट याने १८५९ साली बाजारात आणली. वाफेने वाकवलेल्या लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढाच संसार. सुट्या करून भरल्या तर एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. एका हाताने उचलावी, मेजावर उलटी ठेवावी, खालची फरशी पुसावी. पाव-मस्का खाणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिच्यावर बसून गेल्या.

जुने टाकून देण्याची घाई मात्र करू नये. चंदीगड शहर वसवताना १९५० च्या दशकात पिएर जानरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी कचेऱ्यांसाठी सागाच्या, वेताने विणलेल्या साध्या खुर्च्या करवून घेतल्या. पुढे त्या जुनाट वाटू लागल्या, गच्चीवर आणि आवारात ढीग लागले, कित्येक भंगाराच्या भावाने गेल्या. आज त्याच खुर्च्या परदेशी लिलावांत लाखोंच्या बोलीने जातात, आणि २०११ साली केंद्रीय गृहखात्याला त्यांच्या विक्रीला आळा घालण्यासाठी आदेश काढावा लागला. आपल्या आजोबांच्या आरामखुर्चीला कोणी लाख देणार नाही, हे मान्य. पण तिचा साग अजून शंभर वर्षे टिकणारा आहे आणि वेत पुन्हा विणून मिळतो. नवे घेताना साग परवडला नाही तर प्लायवूड घ्यावे, परंतु भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे सामान कोकणात आणि मुंबईत नेऊ नये. दोन पावसाळ्यांत कडा फुगतात. फोम हाताने दाबून पाहावा आणि त्याची घनता विचारावी. बत्तीसपेक्षा चाळीस घनतेचा जास्त वर्षे उभारी धरतो. लाकडाबद्दल इतके पुरे. सुतार आपल्यापेक्षा जास्त जाणतो, फक्त त्याच्याशी बोलायला वेळ काढायला हवा.

मांडणीपुरती एक युक्ती सांगते, तिला पैसे पडत नाहीत. सामान घेण्याआधी जुनी वर्तमानपत्रे चिकटवून प्रत्येक वस्तूच्या आकाराचे तुकडे कापावे आणि ते खोलीत जमिनीवर पसरून दोन दिवस त्यांना वळसा घालून वावरावे. वाटेला अडीच-तीन फूट राहतात का, दार पुरते उघडते का, बैठक आणि चहाचे मेज यांत दीड फूट उरतो का, हे पायांना आपोआप कळते. रात्री पाणी प्यायला उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची वाट कोणत्या तुकड्यावरून जाते, तेही पाहावे.

आता दिव्याकडे वळते. खरे तर याच विषयावर मला अधिक बोलायचे आहे. कारण खुर्ची चुकली तर निदान दुखते तरी, दिवा चुकला तर कळतही नाही. माणूस म्हणतो, “हल्ली वाचवत नाही,” आणि वाचणे सोडून देतो.

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जुन्या दिव्यांचा मोठा संग्रह आहे. समया, लामणदिवे, हातातले दिवे. मुलाबाळांना घेऊन तो अवश्य पाहावा. पाहताना एका गोष्टीकडे लक्ष द्यावे, ती म्हणजे दिव्याची जागा. समई जमिनीवर, पोथी वाचणाऱ्याच्या गुडघ्यापाशी. लामणदिवा साखळीने खाली-वर करता येणारा. हातदिवा तर माणसाबरोबर चालणारा. पुढे कंदील आला, तोही तसाच. प्रकाश इतका थोडा होता की तो कामापाशी नेण्यावाचून गत्यंतर नव्हते. दिवेलागणीला घरात दिवा जिथे ठेवला जाई तिथे घर गोळा होई. वीज आली आणि दिवा भिंतीवर, छतावर जाऊन बसला. तो जागचा हलेना. मग माणसेच त्याच्याखाली जागा शोधू लागली. एक लांब नळी भिंतीवर, तिच्या प्रकाशात स्वयंपाकाची भाजी निवडायची, मुलाने अभ्यास करायचा, आजीने पोथी वाचायची आणि पाहुण्याने चहा प्यायचा. विजेची टंचाई होती तोवर हे समजण्यासारखे होते. आज ते कारण उरलेले नाही. निळा प्रकाश देणाऱ्या एल.ई.डी.चा शोध लावणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले, आणि २०१५ साली सुरू झालेल्या सरकारी उजाला योजनेने तोच दिवा आपल्याकडे घरोघर नेला. जुना साठ वॅटचा दिवा जेवढा उजेड देई तेवढा हा नऊ वॅटमध्ये देतो. रोज पाच तास लावला तर महिन्याला दीड युनिटही होत नाही. हिशेबाला भिण्यासारखे काही राहिले नाही.

पण आपण काय केले? दिवे स्वस्त झाले म्हणून वाढवले, आणि वाढवले ते छतात. आधीच नऊ फुटांचे छत, ते पी.ओ.पी.ने आणखी खाली आणायचे, आणि त्यात बारा-पंधरा गोल दिवे बसवायचे. सगळे एकाच बटणावर. खोली दागिन्यांच्या दुकानासारखी झगझगते, आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या पुस्तकावर पडते काय, तर त्याच्याच डोक्याची सावली. त्यात काही दिवे पंख्याच्या पात्यांच्या वर आलेले. पंखा फिरू लागला की उजेड लुकलुकतो. डोके का दुखते ते घरातल्यांना उमगत नाही, डॉक्टर बदलले जातात.

भौतिकशास्त्राचा एक साधा नियम आहे. उघड्या दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की पडणारा उजेड चौथाई होतो, तिप्पट झाले की नववा हिस्सा. लांब नळीला तो तंतोतंत लागू पडत नाही, पण साध्या दिव्याला पडतो. छतावरचा दिवा पुस्तकापासून सहा फुटांवर असतो. तोच दोन फुटांवर आणला तर पानावर नऊपट उजेड. याचा अर्थ असा की, आजीच्या खुर्चीजवळ, खांद्याच्या किंचित मागे आणि डोळ्यांत न येणारा, टोपी घातलेला एक लहानसा दिवा ठेवला तर छतातल्या पंधरा दिव्यांना जे साधत नाही ते तो एकटा साधतो. बाजारात असा उभा दिवा पंधराशे-दोन हजारांत मिळतो. सुताराकडून लाकडी दांडी आणि पंचरशी पाट करून घेतला तरी चालते, फक्त बुंधा जड हवा.

आणि आजीला हा उजेड ‘हौस’ म्हणून नको आहे. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळसर होते. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ज्या खोलीत नातवाला लख्ख दिसते त्याच खोलीत, त्याच वेळी, आजी संध्याकाळच्या अंधुकात बसलेली असते. नातू म्हणतो, “एवढा तर उजेड आहे!” तो खोटे बोलत नसतो. आणि आजी म्हणते, “मला काही वाचायचे नाही रे आता,” तेव्हा ती मात्र पुष्कळदा खोटे बोलत असते. अशा किती आज्यांनी वाचन सोडले, भरतकाम सोडले, तांदूळ निवडताना ‘खडे राहतात’ म्हणून बोलणी खाल्ली, याची मोजदाद कोण करणार? चष्म्याचा नंबर आपण दर वर्षी बदलतो. दिव्याची जागा बदलावी हे सुचत नाही.

दिव्याचा रंगही पाहून घ्यावा. डब्यावर २७००, ४०००, ६५०० असे आकडे आणि पुढे इंग्रजी ‘के’ छापलेला असतो. तो केल्व्हिन मापाचा. आकडा लहान तर उजेड पिवळसर, जुन्या गोल दिव्यासारखा. मोठा तर पांढरा-निळसर. आपल्याकडे घरोघर ६५०० चाच दिवा दिसतो. पांढरा म्हणजे जास्त उजेड, अशी आपली पक्की समजूत आहे. वास्तविक उजेड किती ते ‘ल्युमेन’ या आकड्यावरून कळते, रंगावरून नव्हे. कचेरीला, दुकानाला पांढरा ठीक. संध्याकाळी दमून घरी आलेल्या माणसांना तो कचेरीची आठवण करून देतो. शिवाय डोळ्यात प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या आणखी एका प्रकारच्या पेशी आहेत, असे २००२ साली सिद्ध झाले. त्या दिसण्यापेक्षा शरीराला दिवस की रात्र हे कळवण्याचे काम करतात आणि त्यांना निळसर प्रकाश विशेष जाणवतो. रात्री दहा वाजता भर दुपारचा उजेड अंगावर घेऊन मग झोप येत नाही म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही. बैठकीला २७०० ते ३००० चे दिवे घ्यावे, अभ्यासाच्या मेजावर ४००० चा. साडीचा रंग घरात एक आणि उन्हात दुसरा दिसतो अशी ज्यांची तक्रार असते त्यांनी डब्यावरचा सी.आर.आय. हा आकडा पाहावा. तो नव्वदच्या जवळ असेल तर रंग फसवत नाहीत.

भिंतीही दिव्याचेच काम करतात, हे रंगाऱ्याला सांगताना विसरू नये. पांढरी भिंत पडलेला उजेड बहुतेक परत देते, गडद निळी तो गिळून टाकते. मासिकातल्या चित्रात निळी भिंत सुरेख दिसते, कारण त्या खोलीला दहा फुटांची खिडकी असते. आपली खिडकी शेजारच्या इमारतीकडे पाहते. आणि खिडकीविषयी बोलायचे तर दिवसाचा सर्वांत चांगला दिवा तीच. तिच्याजवळची जागा कोणाला दिली आहे? बहुतेक घरांत ती टी.व्ही.ला किंवा शोभेच्या कुंडीला दिलेली असते. समोर खिडकी आली की टी.व्ही.च्या काचेत तिचे प्रतिबिंब पडते, म्हणून दिवसभर जाड पडदा ओढलेला, आणि पडदा ओढला म्हणून दुपारी बारा वाजता दिवे. हे चक्र मोडायला फर्निचरवाला लागत नाही. घरातल्या दोन तरुणांनी टी.व्ही. बाजूच्या भिंतीवर घ्यावा आणि हातांची खुर्ची खिडकीशी, उजेड डाव्या खांद्यावरून येईल अशी ठेवावी.

रात्री टी.व्ही. पाहताना सगळा अंधार करू नये, मागे एक मंद दिवा असावा. डोळे शिणत नाहीत. न्हाणीघराच्या वाटेवर जमिनीलगत अर्ध्या वॅटचा दिवा रात्रभर राहू द्यावा. आणि शेवटी बटण. वायरमन बटणे दाराशी एका ओळीत लावतो, आठ-दहा, सगळी सारखी. वृद्धांच्या दिव्याचे बटण त्यांच्या हाताशी, बसल्या जागी पोचेल असे हवे; दाराशी आणि हाताशी अशी दोन्हीकडून चालणारी जोडणी जिन्याच्या दिव्याला करतात तशीच करता येते, वायरमनला नुसते सांगायचे असते. नाही तर दिवा असूनही, तो लावायला कोणाला तरी हाक मारावी लागते, आणि मघाच्या त्या गृहस्थांनी तिसऱ्यांदा हात मागितला नव्हता, हे आपल्याला आठवत असेलच.

चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत. माझ्यापाशी टेप आहे आणि पुढच्या रांगेत पायऱ्यांवर भेटलेले आजोबा बसले आहेत. त्यांची परवानगी असेल तर प्रश्नोत्तरे सुरू होण्यापूर्वी त्यांच्या गुडघ्याचे माप घेऊन एका चिठ्ठीवर लिहून देते. चिठ्ठी सूनबाईंच्या हाती द्यावी.